न मोजता केलेलं ब्रेकचं काम

पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेकचं काम एका मोठ्या, टापटीप गॅरेजमध्ये करून घेतलं. पाचपैकी एक तारा. गाडी सांगितलेल्या वेळेला हातात मिळाली आणि काउंटरवरची मुलगी नीट बोलली, त्याचा तो एक तारा. गॅरेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा म्हणतो, "बरं झालं, आपण तिथे जात नाही," आणि पुढे सरकतो. असं काम कुठल्याही गॅरेजात होऊ शकतं. ते कसं ओळखायचं आणि ओळखल्यावर गॅरेजवाल्यासमोर कसं उभं राहायचं, ते सांगायचं आहे. विषय ब्रेकचा आहे, म्हणून सविस्तर सांगते.

मी मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल गेज अशा मोजायच्या साधनांशीच काम. आमच्याकडे "बसलंय व्यवस्थित" असं तोंडी सांगून जॉब पुढे जात नाही, आकडा लिहावा लागतो आणि खाली सही करावी लागते. मी मेकॅनिक नाही. पण ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी लोखंडी तबकडी, हा शेवटी लेथवर टर्न केलेला जॉबच आहे, आणि तो फिरताना किती डुलतो हे कसं बघायचं ते मला माहीत आहे. या गॅरेजवर माझा राग आहे तो याच जागी. चूक कुणाकडूनही होते. इथे सगळ्या कामात एकदाही कुणी काही मोजलं नव्हतं, आणि नंतर प्रत्येक प्रश्नाला तोंडी उत्तर तयार होतं.

सुरुवात साध्या गोष्टीने झाली. ब्रेक दाबला की पुढून किरकिर आवाज येत होता. डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून चाक थांबवतात ते पॅड. पुष्कळ गाड्यांच्या पॅडला एक छोटी पत्र्याची पट्टी असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासते आणि असा आवाज येतो. म्हणजे पॅड बदलायची वेळ झाली होती, इतकंच. गॅरेजने जॉब कार्डवर लिहिलं: पुढचे पॅड नवे, दोन्ही डिस्क नव्या, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सर्व्हिस, ब्रेक ऑइल बदलणे. डिस्क कशासाठी, असं विचारल्यावर सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर म्हणाला, "मॅडम, पॅडसोबत डिस्क बदललेल्या चांगल्या." मी होकार दिला आणि जुने सगळे पार्ट परत हवेत असं जॉब कार्डवरच लिहून घेतलं. ही एक ओळ पुढे फार उपयोगी पडली. गाडी कुठेही द्या, ही ओळ लिहून घ्याच.

जुन्या डिस्क घरी आणल्यावर कडेचा मळ पुसला. तिथे कोरलेलं होतं: किमान जाडी २० मिलिमीटर. बहुतेक डिस्कवर हा आकडा कोरलेला किंवा ओतलेला असतो. दुसऱ्या दिवशी कामावर मायक्रोमीटर लावला. जाडी २१.१ आली. फिरवून फिरवून आठ ठिकाणी मोजली, फरक जवळजवळ नव्हता. पृष्ठभाग गुळगुळीत, कडेला नखाला लागेल असा काठही उभा राहिलेला नाही. या डिस्क अजून खूप चालल्या असत्या. मोजायला दोन मिनिटं लागतात, पण त्या गॅरेजात ती दोन मिनिटं कुणी दिली नव्हती.

तरीही एवढ्यावर मी भांडले नसते. नव्या डिस्क पडल्या तर पडल्या, गाडी थांबतेय ना, असं म्हणून सोडून दिलं असतं.

पण गाडी घरी आणल्यापासून ड्रायव्हरच्या बाजूच्या चाकातून जळका वास यायला लागला. फोन केला. उत्तर आलं, "नवीन पॅड आहेत, बसायला वेळ लागतो. चालवत राहा, आपोआप जाईल." यात अर्धं खरं आहे. नवा पॅड आणि नवी डिस्क एकमेकांवर बसायला काही अंतर लागतं. त्यासाठी मध्यम वेगावरून हळूहळू वेग उतरवत काही वेळा ब्रेक दाबायचे असतात, मधे थंड होऊ द्यायचे असतात, आणि सुरुवातीला थोडा वास येतोही. पण तो दोन्ही बाजूंनी यायला हवा आणि लवकरच थांबायला हवा. इथे एकच चाक तापत होतं, आणि मोकळ्या रस्त्यावर ब्रेक जवळजवळ न लावता आल्यावरही तापत होतं. आमच्याकडे लांबून तापमान मोजायचं यंत्र असतं. साध्या फेरीनंतर गाडी उभी करून लगेच दोन्ही डिस्कवर धरलं. एका बाजूला १६० अंशांच्या पुढे, दुसऱ्या बाजूला ७० च्या आसपास. दोन्ही बाजूंना थोडाफार फरक असतोच, पण इतका फरक म्हणजे एका बाजूचा ब्रेक सुटत नाहीये. यंत्र नसेल तर चाकाजवळ, न टेकवता, तळहात नेऊन बघा, फरक कळतो. डिस्कला मात्र हात लावू नका.

हे आकडे घेऊन गॅरेजमध्ये गेले. त्यांनी चाक उघडलं, हवेच्या पाइपने सगळी भुकटी उडवली, पॅडवर पॉलिश पेपर फिरवला आणि चाक परत लावलं. ब्रेकची भुकटी अशी हवेने उडवणं हीच मुळात वाईट सवय आहे, ती काम करणाऱ्या पोराच्या छातीत जाते. त्याच्या तोंडावर साधा रुमालही नव्हता. मी काचेच्या पलीकडून बघत होते, आत यायची परवानगी नव्हती. अ‍ॅडव्हायजर आला, म्हणाला, "झालं मॅडम. आता एकदम ओके." काय झालं होतं, काय केलं, काहीच सांगता येईना. कागदावर लिहून द्या म्हटलं तर, "अहो, एवढ्याशा कामाचं काय लिहून देणार?"

वास थोडा कमी झाला आणि परत आला.

मग तो उतार आला. लांबलचक, वळणावळणाचा, ब्रेकवर पाय ठेवतच उतरावा लागेल असा. मागे आई बसली होती. मी गिअर खालचा ठेवला होता तरी अर्ध्या उतारावर ब्रेकचा पेडल नेहमीपेक्षा बराच खोल गेला. गाडी थांबत होती, पण उशिरा. मी पेडल दोन-तीनदा भराभर मारला, तो जरा वर आला, गिअर आणखी खाली टाकला आणि जिथे जागा मिळाली तिथे कडेला घेतली. आईला काही सांगितलं नाही. गाडी तासभर तशीच उभी ठेवली. थंड झाल्यावर पेडल पुन्हा पहिल्यासारखा घट्ट! याच खेळामुळे माणूस फसतो. गॅरेजात नेईपर्यंत सगळं ठीक असतं आणि तुम्ही उगाच घाबरलात असं ठरतं.

यानंतर स्टीअरिंगची थरथर सुरू झाली. काम होऊन दोनेक हजार किलोमीटर झाले होते. ताशी ८० च्या आसपास ब्रेक दाबला की स्टीअरिंग हातात थरथरायचं आणि पेडलखाली धडधड जाणवायची. या वेळी उत्तर बदललं. "तुम्ही ब्रेक जोरात मारता. डिस्क गरम होऊन वाकल्या. पुन्हा बदलाव्या लागतील." आणि लागलीच नवं एस्टिमेट पुढे केलं.

"डिस्क वाकली" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, म्हणून इथे जरा थांबते. डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागावर, बसते. हबवर गंजाचा पापुद्रा तसाच ठेवून वर नवी डिस्क चढवली, तर ती किंचित तिरकी बसते. हबच्या कडेला एकाच बाजूला ६० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे साधारण माणसाच्या केसाएवढा, थर राहिला तर डिस्कच्या बाहेरच्या काठावर तो तिरकेपणा दुपटीने दिसतो. ताशी ८० ला लहान गाडीचं चाक सेकंदाला अकरा-बारा वेळा फिरतं. ब्रेक न दाबताही प्रत्येक फेरीला डिस्कचा तो पुढे आलेला भाग पॅडला घासून जातो. हजारो किलोमीटर असं घासून घासून तेवढ्याच भागातली जाडी कमी होते. मग ब्रेक दाबला की पॅडखालून कधी जाड भाग जातो, कधी पातळ, दाब कमी-जास्त होतो आणि स्टीअरिंग थरथरतं. जाडीतला फरक १५-२० मायक्रॉनचा असला तरी पुरतो. म्हणजे चूक पहिल्या दिवशी झालेली असते आणि दिसते दोन-तीन महिन्यांनी. तोवर गॅरेजवाला सहज म्हणू शकतो, तुमच्या चालवण्याने झालं. तिरकी बसलेली डिस्क फिरताना पॅडना मागे ढकलते, त्यामुळे पुढच्या वेळी पेडल जास्त खोल जातो, ते आणखी वेगळंच.

मी एस्टिमेटवर सही केली नाही. त्याऐवजी एक पत्र लिहिलं आणि काउंटरवर पोच घेतली. त्यात तक्रार होती आणि सरळ मागणी होती: अमुक तारखेपर्यंत दोन्ही चाकं माझ्यासमोर उघडा, डिस्कचा रनआउट (फिरताना ती किती डुलते) आणि जाडी मोजून आकडे लिहून द्या. तसं केलं नाही तर मी दुसरीकडे तपासून घेईन आणि तिथला अहवाल तुम्हाला देईन. हे पत्र देणं फार महत्त्वाचं आहे. आधी कळवल्याशिवाय बाहेर कुणाकडे उघडलं, की पहिला गॅरेजवाला म्हणतो, "मधे दुसऱ्याचा हात लागला, आता आमची जबाबदारी नाही." मुदत गेली. कुणी फोनसुद्धा केला नाही.

दुसरा मेकॅनिक म्हणजे एका लहानशा शेडमध्ये काम करणारे काका. ओळखीतून मिळाले. त्यांना पहिल्यांदाच सांगितलं, "काका, आज दुरुस्ती नकोय, आधी फक्त तपासणी. जे दिसेल ते लिहून द्या, मी फोटो काढते." त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मग कशालाही हात लावायच्या आधी फोटो काढून घ्या." अर्धा खटला त्या एका वाक्याने उभा राहिला.

चाकाचे नट सुटेनात. पान्याला लांब पाइप लावून, अंगाचा भार टाकून सोडवावे लागले. गॅरेजवाले इम्पॅक्ट गनने, म्हणजे नट आवळायच्या मशीनने, ते मारत सुटले होते. एका बोल्टचे आटे ताणले गेले होते, नट त्यावर अडकत होता. लहान गाड्यांच्या चाकाच्या नटला साधारण ९० ते १२० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. ते समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे आणि शेवट हा जोर दाखवणाऱ्या टॉर्क पान्याने करायचा. कमी-जास्त आवळले की डिस्कही हबवर सारखी बसत नाही. शिवाय रस्त्यात पंक्चर झालं असतं तर गाडीतल्या पान्याने मला ते चाक निघालंच नसतं. रात्रीच्या वेळी, एकटी असताना.

चाक निघालं आणि मी आधी कॅलिपरच्या मागचं निपल बघितलं. ब्रेक ऑइल बदलायचं तर याच निपलला नळी लावून जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढावी लागते. त्यावर रबराची छोटी टोपी असते. त्या टोपीवर आणि भोवती वाळलेल्या चिखलाचं कवच होतं, अखंड, कुठेही तडा नाही. काकांनी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचलं तेव्हा ते खपलीसारखं निघालं. बिलावर "ब्रेक ऑइल बदलले" असं छापलेलं. इथे पाना लागलाच नव्हता.

वर टाकीतलं ऑइल मात्र स्वच्छ, फिकट पिवळं. म्हणजे वरवरचं थोडं उपसून नवं भरलं होतं. काकांनी निपल सोडून थोडं ऑइल बाटलीत घेतलं, ते काळपट तपकिरी निघालं. नुसत्या रंगावर मी जात नाही. काकांच्या ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये ऑइल तापवून उत्कलनबिंदू दाखवणारं यंत्र होतं, तिथे नमुना नेला. आमच्या गाडीला डॉट ४ या दर्जाचं ब्रेक ऑइल लागतं. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसला उकळलं पाहिजे. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ठरावीक काळाने, बहुतेक गाड्यांना साधारण दोन वर्षांनी, ते बदलायचं असतं. ३.७ टक्के पाणी शिरलेल्या डॉट ४ ची किमान मर्यादा १५५ अंश धरलेली आहे. आमचा आकडा आला १६८, म्हणजे नव्याच्या २३० पेक्षा पार खाली. "बदललेलं" ऑइल!

आता उतारावरचा तो पेडल आठवा. एका बाजूचा ब्रेक सुटत नाही, म्हणून ते चाक कायम तापलेलं. त्यात लांब उतार. कॅलिपरमधलं ऑइल जुनं, पाणी शोषलेलं, ते उकळायला लागतं आणि वाफेचे बुडबुडे होतात. पेडलचा जोर चाकापर्यंत ऑइलच नेतं. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पाय खोल जातो तो ती वाफ दाबत. थंड झालं की वाफ परत ऑइलमध्ये मिसळते आणि पेडल घट्ट. आम्ही त्या दिवशी खाली पोहोचलो, पण निपलची ती चिखलाने माखलेली टोपी बघताना मला आईचा आरशात दिसणारा चेहरा दिसत होता.

ब्रेक सुटत का नव्हता तेही सापडलं. कॅलिपर दोन पिनांवर पुढे-मागे सरकतो. पिना मोकळ्या असल्या तरच दोन्ही पॅड सारखे दाबले जातात आणि सारखे सुटतात. वरची पिन हाताने सहज बाहेर आली. खालची पिन ग्रिप पकड लावून, पिळत पिळत काढावी लागली. तिच्या टोकाला रबराचं बुश असतं, ते फुगून भोकात घट्ट बसलं होतं. काकांनी पिनवरचं ग्रीस बोटावर घेतलं, चोळलं, वास घेतला आणि म्हणाले, "हे बेअरिंगचं ग्रीस आहे. इथे चालत नाही." ब्रेकमधलं रबर खनिज तेलाने फुगतं. तिथे सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीच बनवलेलं ग्रीस लागतं. म्हणजे बिलावरच्या "कॅलिपर सर्व्हिस"मध्ये खरोखर एकच गोष्ट केली होती, आणि ती पिन जाम करणारी होती. पॅड मोजले. आतला साडेसहा मिलिमीटर, बाहेरचा दहाच्या जवळपास. एकाच दिवशी बसवलेली जोडी! आतला पॅड बाहेरच्यापेक्षा इतका झिजलेला दिसला की पिनांकडे बघायचं, हे काकांनी मला दाखवून दिलं आणि ते मी आयुष्यभर विसरणार नाही.

शेवटी माझा डायल गेज. तो आणि चुंबकाचा स्टँड मी सोबत नेला होता. डिस्क नटांनी हबवर घट्ट आवळली, गेजचं टोक बाहेरच्या काठापासून साधारण एक सेंटिमीटर आत टेकवलं, आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली. काटा एका फेरीत १४० मायक्रॉन हलला. गाडीगाडीप्रमाणे मर्यादा वेगळी असते, पण साधारण ५० ते १०० मायक्रॉनच्या पुढे कुणी जाऊ देत नाही. डिस्क काढली तर हबवर गंजाचे पापुद्रे, आणि नव्या डिस्कच्या आतल्या बाजूला त्याच पापुद्र्यांचे ठसे उमटलेले. काकांनी वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने हब चकचकीत केला, डिस्क परत चढवली, मी गेज लावला. ३० मायक्रॉन. काकांनी स्वतः खाली वाकून काटा बघितला आणि त्यांच्या मुलालाही बोलावून दाखवला. कॅलिपर त्यांनी इतका वेळ तारेच्या आकड्याने स्प्रिंगला टांगून ठेवला होता. रबरी नळीवर त्याचा भार येऊ दिला नव्हता. काम येणारा माणूस ओळखायचा तर अशा गोष्टी बघाव्यात. त्यांच्या शेडमध्ये एसी नाही, बसायला खुर्ची नाही, आणि मी त्यांना डोळे झाकून पाच तारे देईन.

डिस्क बदलायची गरज नव्हतीच. जाडीत २० मायक्रॉनचा फरक पडला होता, हलका हात टर्निंगचा मारल्यावर दोन्ही सारख्या झाल्या, २१.८ मिलिमीटर राहिल्या. म्हणजे गॅरेजचं दुसरं एस्टिमेटही पहिल्यासारखंच, न मोजता काढलेलं.

आता पैशांचं. मी अहवाल तयार केला तो आम्ही कामावर जसा रिजेक्शन रिपोर्ट लिहितो तसा. कामाची तारीख आणि तेव्हाचं किलोमीटर, जॉब कार्डवर काय ठरलं, बिलावर काय लावलं, उघडल्यावर काय दिसलं, प्रत्येक ओळीसमोर फोटोचा नंबर, आणि काकांची सही. खराब पिन, पॅड, जुन्या डिस्क, बाटलीतलं ऑइल, सगळं पिशव्यांत, वर चिठ्ठ्या. "तुम्ही फसवलंत", "जिवाशी खेळलात" असं एकही वाक्य त्यात नव्हतं. मनात पुष्कळ होतं, पण अशा वाक्यावर समोरच्याला वाद घालता येतो. १६८ या आकड्यावर घालता येत नाही. शेवटी मागणी: मजुरी, ऑइल आणि पॅडचे पैसे परत, विनाकारण बदललेल्या डिस्कचे पैसे परत, आणि काकांच्या कामाचं बिल. प्रत्येक रक्कम वेगळी लिहिली होती. एकगठ्ठा आकडा लिहिला की घासाघीस सुरू होते. वेगवेगळं लिहिलं की प्रत्येकाला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

अ‍ॅडव्हायजरने अपेक्षेप्रमाणे तेच म्हटलं, "बाहेर उघडलंत ना, वॉरंटी गेली." मी आधीच्या पत्राची पोच पुढे केली आणि मालकांना बोलवा म्हटलं. मालक आले. सभ्य माणूस. त्यांनी पिन हातात घेतली, बुश दाबून बघितलं, निपलचा फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. मग वळून त्या पोराला हाक मारली, ज्याने काम केलं होतं, आणि सगळ्यांसमोर त्याला झापायला सुरुवात केली. ते मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या शेडमध्ये टॉर्क पाना कुठे आहे ते मला दाखवा. डायल गेज दाखवा. ब्रेकच्या ग्रीसचा डबा दाखवा." टॉर्क पाना ऑफिसच्या कपाटात होता, कुलपात. बाकीचं नव्हतंच. त्या पोराला दिवसाला किती गाड्या उरकायच्या असतात हेही मी विचारलं, त्याचं उत्तर कुणी दिलं नाही. ऑइल न बदलता बदलल्याचं बिल लावलं जातं ते काउंटरवर. त्यात त्या पोराचा काय हात!

मजुरी, ऑइल आणि पॅडचे पैसे त्यांनी त्याच बैठकीत परत केले. काकांचं बिलही दिलं. डिस्कच्या पैशांना मात्र नकार. त्यांचं म्हणणं, डिस्क तुमच्या संमतीने बदलल्या आणि माल तुमच्याकडेच आहे. माझं म्हणणं, २१.१ ही जाडी मोजून मला सांगितली असती तर मी संमती दिलीच नसती. हा मुद्दा अजून सुटलेला नाही. मी पूर्ण पावती लिहून दिली नाही. "डिस्कच्या रकमेची मागणी कायम" असं लिहूनच पैसे घेतले. तुम्हीही अर्धे पैसे घेताना "सर्व तक्रारी मिटल्या" असल्या छापील कागदावर सही करू नका. तसा कागद त्यांनी माझ्याही पुढे सरकवला होता.

गाडी सध्या उत्तम थांबते. काकांनी नव्या पिना, ब्रेकचं ग्रीस, नवे पॅड टाकले, चारही चाकांमधून पूर्ण ऑइल काढून डॉट ४ भरलं आणि बाटलीत जुनं ऑइल किती निघालं ते दाखवलं. नट टॉर्क पान्याने आवळले आणि शंभर किलोमीटरच्या आत परत बोलावून तपासले. दोन्ही डिस्कचं तापमान मी अधूनमधून घेते, आता दोन्हीकडे जवळपास सारखं येतं. रनआउट आणि जाडीचे आकडे गाडीच्या पुस्तकातल्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेत, पुढचा मेकॅनिक कुणीही असला तरी त्याच्या उपयोगी पडतील.

डिस्कच्या पैशांचं दुसरं पत्र गॅरेजकडे गेलं आहे, पोच माझ्याकडे आहे. त्या मालकांनी आता डायल गेज घेतला असं कानावर आलं आहे. खरं असेल आणि तो कुलपाबाहेर असेल, तर एकाचे दोन तारे करायला मी आनंदाने परत येईन. डिस्कचं उत्तर आलं की तेही इथेच लिहीन.